गाभण हरिणीला सोडणारे शिकारी

महाशिवरात्रीच्या सुमारास दिवेलागण झाल्यावर थोड्या वेळाने अंगणात उभे राहून वर पाहावे. मृग नक्षत्र जवळजवळ डोक्यावर, किंचित दक्षिणेकडे कललेले दिसते. चार कोपऱ्यांचे चार तारे म्हणजे हरणाचे पाय, मधले एका ओळीतले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण, आणि ती ओळ आग्नेयेकडे वाढवली की लखलखणारा व्याध. मृगाच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या परभणीच्या शेतकऱ्याला या नक्षत्राचे नाव नवे नाही. मात्र हे चित्र शिकारीचे आहे, हे पुष्कळदा आपल्या लक्षात राहत नाही.

या चित्रामागची कथा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या वाचली गेली आहे. श्रीधरकवींनी १७१८ साली बारामती येथे पूर्ण केलेल्या ‘शिवलीलामृता’च्या दुसऱ्या अध्यायात ती येते. उपाशी व्याध शिवरात्रीला बेलाच्या झाडावर बसतो. पाण्यावर हरिणी येते. ती गाभण असते. ‘बाळंत होऊन परत येते, मग मार’ अशी ती विनवणी करते आणि व्याध तिला जाऊ देतो. पुढे पाडसाला पाजायचे राहिलेली हरिणी येते, तिलाही तो सोडतो. शेवटी सारी हरणे शब्द पाळून परत येतात आणि व्याधासकट सर्वांचा उद्धार होतो. औंढा नागनाथचे ज्योतिर्लिंग १९९९ सालापर्यंत परभणी जिल्ह्यातच होते (१ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा झाला). तेव्हा या भागाला शिवरात्र आणि तिची कथा, दोन्ही चांगली परिचयाची आहेत.

पुराणातला व्याध हरिणीला सोडतो तो त्या रात्रीच्या पुण्याईने. पण याच मुलखात असे शिकारी होऊन गेले की जे कोणत्याही दिवशी, पोटात भूक असताना, फासात सापडलेली गाभण हरिणी सोडून देत. त्यांना पुराणात जागा मिळाली नाही. उलट सरकारदफ्तरी त्यांची नोंद ‘गुन्हेगार जमात’ अशी झाली. ते म्हणजे फासेपारधी. त्यांचा हा नियम म्हणजे नीती होती, धार्मिक समजूत होती, की साधा हिशेब होता? प्रश्न इतिहासाचा आहे, पण जीवशास्त्राच्या मदतीशिवाय तो सुटत नाही.

आधी हरणाविषयी थोडे. आपण सरसकट ज्याला हरीण म्हणतो त्यात दोन निराळी कुळे आहेत. सांबर, चितळ, भेकर यांची शिंगे भरीव व फाटे फुटणारी असतात, ती गळून पडतात आणि पुन्हा येतात. काळवीट आणि चिंकारा यांची शिंगे पोकळ असतात, आतल्या हाडावर टोपीसारखी बसलेली, आणि ती जन्मभर टिकतात. या अर्थाने काळवीट हे चितळापेक्षा शेळी-मेंढीच्या अधिक जवळचे. सांबर-चितळांना झाडी लागते, काळविटाला उघडा माळ. गोदावरी, पूर्णा आणि दुधना यांच्या खोऱ्यातला परभणीचा सपाट मुलूख, मधूनमधून गायरान आणि पडीक माळ, हा काळविटाचाच प्रदेश. म्हणून या जिल्ह्याच्या मैदानी भागातली हरणाची शिकार म्हणजे प्रामुख्याने काळविटाची शिकार.

या प्राण्यात नर आणि मादी लांबूनही ओळखू येतात. वयात आलेला नर पाठीवर काळा आणि पोटाशी पांढरा, डोक्यावर पिळाची लांब शिंगे. मादी तांबूस-पिवळी आणि बहुधा बिनशिंगी. नर विणीच्या काळात जमिनीचा एक तुकडा आपला मानतो, लेंड्यांचे ढीग घालून त्याची हद्द राखतो आणि दुसरा नर आत आला की झुंजतो. मादी साधारण सहा महिने गाभण राहते आणि एका वेळी बहुधा एकच पाडस देते. जन्मल्यावर पहिले काही दिवस पाडस गवतात निपचित पडून राहते, आई लांब चरते आणि पाजण्यापुरती येते. शिकारीच्या नियमांचा सारा खेळ या दोन-चार गोष्टींवर चालतो.

फासेपाऱ्यांची साधने बघा. तातीचे किंवा कातडी वादीचे फास एका लांब दोरीला ओळीने बांधायचे, ती दोरी खुंट्या ठोकून जमिनीलगत ताणायची आणि हरणांना हळूहळू तिकडे वळवायचे. दौडत हाकले तर कळप उधळतो, म्हणून शिकवलेली गाय बरोबर घ्यायची आणि तिच्या आडून चालायचे. चरणाऱ्या गाईला हरणे बुजत नाहीत. दुसरी युक्ती पाळीव काळविटाची. त्याच्या शिंगांना फास किंवा जाळे बांधून त्याला रानटी नराच्या हद्दीत सोडायचे. हद्दीचा मालक झुंजायला येतो आणि शिंगे गुंतवून बसतो. अकबराच्या शिकारखान्यातही हीच रीत होती, अबुल फज्लने ‘आईन-ए-अकबरी’त तिचे वर्णन केले आहे. या पद्धतीत फक्त वयात आलेला नरच सापडतो, कारण झुंजायला तोच येतो. नराचा हद्दीचा स्वभाव पाठ्यपुस्तकात येण्याच्या कितीतरी आधी पारध्याला पाठ होता.

पण ताणलेल्या दोरीच्या फासात कोणीही सापडते. नर, मादी, पाडस. इथे त्या नियमाचा प्रश्न येतो. परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानवशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी महाराष्ट्राच्या कोरड्या पट्ट्यातील भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले यांची तुलना आहे. तिघेही एकाच प्रदेशात फिरतात, तिघेही शिकार करतात, पण त्यांनी शिकार जणू वाटून घेतलेली आहे. फासेपारध्याचा भर फास लावून हरणे व तित्तिर-लाव्यांसारखे पक्षी धरण्यावर. वैदूंचा भर मुंगूस, रानमांजर अशा लहान मांसभक्षक प्राण्यांवर आणि पाण्यातल्या जिवांवर. नंदीवाल्यांचा भर कुत्र्यांच्या मदतीने रानडुकरासारखी जनावरे मारण्यावर. आणि गाडगीळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी हेही नोंदवून ठेवले आहे की फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर फासेपारधी ते सोडून देत. त्यांचे क्षेत्र मुख्यतः पश्चिम महाराष्ट्रातले. पण फासेपारधी मराठवाड्यातही सर्वत्र आहेत आणि माळही त्याच जातीचा आहे.

हा नियम जुना आहे, आणि तो राजांनाही सुचला होता. अशोकाच्या पाचव्या स्तंभलेखात गाभण किंवा दुभत्या शेळ्या, मेंढ्या व डुकरिणी आणि सहा महिन्यांच्या आतली त्यांची पिल्ले मारू नयेत अशी आज्ञा आहे. सम्राटाने ती दगडावर कोरून घेतली आणि पाळली जाते की नाही हे पाहायला अधिकारी नेमले. पारध्याच्या पालावर ना दगड, ना अधिकारी.

आता हिशेब करू. हा वर्गात चिंचोके आणि खडे घेऊन सहज करता येतो. आकडे आम्ही सोयीसाठी धरले आहेत, ते कोणत्या प्रत्यक्ष कळपाचे नाहीत. समजा कळपात ६० माद्या (चिंचोके) आणि ४० नर (खडे) आहेत. वर्षातून एकदा शिकार होते. शिकारीनंतर उरलेल्या प्रत्येक मादीला एक पाडस होते. पाडसांपैकी निम्मी जगतात, त्यांत नर-माद्या सारख्या. मोठ्या जनावरांपैकी दर पाचांत एक दरवर्षी मरते. आता एका खेळात शिकाऱ्याने दरवर्षी १० नर घ्यावेत. माद्या ६० वरून ६३, ६६, ६९ अशा वाढत जातात, आणि दहा-दहा नर जाऊनही नरांची संख्या ३९ च्या आसपास टिकते. दुसऱ्या खेळात दरवर्षी १० गाभण माद्या घ्याव्यात. माद्या ६० वरून ५२, मग ४५, मग ३६. तीन वर्षांत माद्यांची संख्या निम्म्याकडे झुकू लागते. मारलेली जनावरे दोन्हीकडे तितकीच आहेत.

म्हणजे नियम शहाणपणाचा आहे यात शंका नाही. पण एक बारीक गोष्ट सुटू नये. पाडस सोडणे आणि गाभण मादी सोडणे यांत मोठा फरक आहे. पाडसात मांस ते किती? शिवाय निम्मी पाडसे एरवीही मरायचीच. ते सोडण्यात शिकाऱ्याचे फारसे जात नाही आणि कळपाचेही फार वाचत नाही. गाभण हरिणी मात्र अंगाने भरलेली आणि पळायला जड. ती सोडणे म्हणजे हाती आलेले दोन-चार दिवसांचे अन्न सोडणे. नियमाची किंमत तिथे मोजावी लागते. आमच्या मते पारध्याच्या नीतीची कसोटी पाडसात नाही, त्या मादीत आहे.

अशी कसोटी का लावायची, असे कोणी विचारील. १९९० च्या दशकात जगभर या विषयावर बराच वाद झाला. आदिवासी शिकारी निसर्गाचे जन्मजात राखणदार असतात, अशी एक गोड समजूत होती. मायकेल अल्वार्ड या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने पेरू देशातील पिरो लोकांच्या शिकारीच्या नोंदी ठेवल्या आणि १९९३ साली लिहिले की ज्या प्राण्यांची संख्या शिकारीने चटकन घटते त्यांनाही हे लोक वगळत नाहीत. कमी श्रमात जास्त मांस जिथे मिळते तिथे ते शिकार करतात. थोडक्यात, नुसता संयम दिसून भागत नाही. त्या संयमासाठी शिकाऱ्याने काही गमावले का, हे पाहावे लागते. फासेपाऱ्यांची गाभण मादी या कसोटीला उतरते. म्हणून हे उदाहरण मोलाचे आहे.

मग पिरो लोकांनी जे केले नाही ते पारध्याने का केले? एक उत्तर वहिवाटीत आहे. गाडगीळ-मल्होत्रांच्या अभ्यासातील तिरुमल नंदीवाल्यांत कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावांत फिरायचे हे पिढीजात ठरलेले असे. दुसऱ्याच्या हद्दीत घुसणाऱ्याला जातपंचायत दंड करी. ज्याला पुढच्या वर्षी त्याच माळावर परत यायचे आहे, आणि जिथे दुसरा कोणी येणार नाही याची खात्री आहे, त्याने आज सोडलेली हरिणी त्याच्याच ठेवीत जमा होते. फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले यांनी प्राणी वाटून घेतल्यामुळे ही खात्री आणखी पक्की होत असावी.

दुसरे उत्तर साधनात आहे, आणि ते आम्हांला अधिक उद्‌बोधक वाटते. फासात सापडलेले जनावर जिवंत असते. पारधी जवळ जातो, हात लावतो, पोट पाहतो आणि मग ठरवतो. निवड धरल्यानंतर होते. बंदुकीत निवड गोळी सुटण्यापूर्वी करावी लागते, शे-दीडशे पावलांवरून, आणि चुकली तर दुरुस्त होत नाही. रात्री दिव्याच्या झोतात नुसते डोळे चमकतात, त्यांत गाभण कोणती आणि भाकड कोणती? नियम कितीही चांगला असला तरी हातातले हत्यार तो पाळू देते की नाही हे पाहिले पाहिजे. (हे फासाचे सरसकट गुणगान नव्हे. आज रानात तारेचे फास लावून माणसे निघून जातात आणि सापडेल ते जनावर तडफडून मरते. पारध्याचा फास राखणीचा होता, धनी शेजारीच बसलेला असे.)

याच माळावर एक निराळी शिकारनीतीही नांदत होती. परभणी १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होते आणि हिंगोलीला १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. छावणीतल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना फावल्या वेळात शिकार हा मोठा विरंगुळा. या कंटिंजंटमध्ये नोकरी केलेल्या आर. जी. बर्टन यांनी १९२८ साली दख्खनमधील शिकारीवर एक पुस्तकच प्रसिद्ध केले. या मंडळींचे नियम विलायतेतून आलेले: चांगल्या शिंगांचा नर तेवढा मारावा, मादी मारणे कमीपणाचे, जखमी जनावर तसेच टाकून जाऊ नये, त्याचा माग काढून शेवट करावा, जनावराला पळून जायची संधी द्यावी. अमेरिकेत थिओडोर रूझवेल्ट व त्यांच्या मित्रांनी १८८७ साली स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने असल्याच नियमांना घटनेसारखे रूप दिले.

जखमी जनावराचा माग काढण्याचा नियम खरोखर चांगला होता आणि तो पाळायला धाडस लागे. मादी न मारण्याचा नियमही आपल्या चिंचोक्यांच्या हिशेबात बसतो. पण त्याचे मूळ भिंतीवर टांगायच्या शिंगांत होते, मादीला शिंगेच नसतात. आणि नर मारले म्हणजे सारे ठीक, असेही नाही. मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातील सायगा हरणाचे शिंगांसाठी इतके नर मारले गेले की उरलेल्या माद्यांना नर मिळेना. गाभण राहण्याचे प्रमाण कोसळले आणि माद्यांच्या संख्येला धरून बसलेले हिशेब चुकले. हा निष्कर्ष २००३ साली प्रसिद्ध झाला. ४० पैकी १० नर घेणे वेगळे आणि जवळजवळ सगळे घेणे वेगळे.

गंमत अशी की त्या काळच्या साहेबी शिकारकथांत काळवीट कमी होण्याचा दोष बहुधा देशी पारध्याच्या माथी मारलेला आढळतो: हा नर पाहत नाही, मादी पाहत नाही, ऋतू पाहत नाही. गाभण मादी सोडण्याची रीत पाहायला पालावर बसावे लागते. ते कोण करणार? शिवाय १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अशा भटक्या जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारण्याची सोय करून दिली होती. पुढे फासेपारधीही त्या यादीत आले. हजेरी, परवानगीशिवाय गाव न सोडणे, सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातली वसाहत. ज्याचे सारे नियम ठरल्या वाटेने फिरण्यावर उभे होते त्याचे फिरणेच गुन्हा ठरले. कायदा १९५२ साली रद्द झाला. शिक्का पुसायला मात्र फार काळ लागतो आहे, हे चोरीनंतर पोलीस आधी कोणाच्या पालावर जातात यावरून दिसते.

याच सुमारास माळही बदलत होता. मनमाड-सिकंदराबाद रेल्वे १९०० च्या आसपास परभणीवरून गेली आणि कापसाला बाजार जवळ आला. पूर्णेवर येलदरी धरण झाले, मग पैठणच्या जायकवाडीचे पाणी डाव्या कालव्याने परभणीपर्यंत पोचले. पडीक माळ नांगराखाली गेला. स्वातंत्र्यानंतर बंदुका आणि जीपगाड्या पुष्कळांच्या हाती आल्या, आणि जीपमधून शिकार करणाऱ्याला ना साहेबाच्या क्लबाची भीती ना जातपंचायतीची. त्याला पुढच्या वर्षी त्याच माळावर यायचेही नव्हते. देशातल्या काळविटांची संख्या १९४७ मध्ये सुमारे ८० हजार होती ती १९६४ पर्यंत ८ हजारांवर आली, असे अंदाज आहेत. ते ढोबळ असणार, पण घसरण खोटी नाही. या घसरणीत पारध्याचा नियम कितपत टिकला असेल? सोडलेली हरिणी रात्री जीपवाल्याच्या गोळीला बळी पडणार हे दिसत असताना ती सोडायची कोणासाठी?

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळविटाच्या शिकारीवर बंदी आली. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणात. या बंदीने काळवीट वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. नगर जिल्ह्यातले रेहेकुरी (१९८०) आणि वाशिम जिल्ह्यातले कारंजा-सोहोळ (२०००) ही अभयारण्ये खास काळविटासाठी झाली. परभणीत काळवीट आजही मुख्यतः शेतांत दिसते, कोवळ्या हरभऱ्यात आणि सोयाबीनमध्ये, आणि त्याची राखण आता शेतकऱ्याच्या खिशातून होते. मात्र कायद्याने जीपवाला आणि पारधी यांना एकाच मापाने मोजले. शिकार बंद झाली तेव्हा पारध्याचा धंदा गेला. त्याला असलेली जनावरांची जाण, पाऊलखुणा ओळखण्याची नजर, यांचा उपयोग करून घेण्याचा विचार क्वचितच कोणी केला.

शिक्षकांसाठी शेवटी चिंचोक्यांचा तिसरा खेळ सांगतो. पहिले दोन खेळ झाल्यावर वर्गात दोन गट करावेत. पहिल्या गटाने दरवर्षी १० खडे, म्हणजे नरच उचलायचे. दुसऱ्याने त्याच कळपातून १० चिंचोके उचलायचे. गटांनी एकमेकांशी बोलायचे नाही. माद्या दुसऱ्या खेळाप्रमाणेच ५२, ४५, ३६ अशा घसरतात. पण या वेळी नरही ४० वरून ३६, ३२, २६ वर येतात. पहिल्या गटाने नियम मोडलेला नसतो, तरी त्याची शिकार कमी होत जाते. दरवर्षीच्या शेवटी पहिल्या गटातल्या प्रत्येकाला एका चिठ्ठीवर लिहायला सांगावे: पुढच्या वर्षी नियम पाळणार की नाही. चिठ्ठ्या तिसऱ्या वर्षानंतर उघडाव्यात. मग पुन्हा खेळ मांडावा, या वेळी दोन्ही गटांना आधी पाच मिनिटे एकत्र बसून बोलू द्यावे, आणि दोन्ही वेळच्या चिठ्ठ्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात.